नेव्हिगेशन बारमध्ये ताशाचं चित्र टाकलं की निळा चौकोन दिसतो (आयफोन, यूआयकिट)

ताशेवाला

नमस्कार मंडळी,

इथे रोमन अक्षरं चालत नाहीत, तेव्हा कोडमधली नावं उच्चारावरून लिहितोय. सांभाळून घ्या.

आमच्या ढोल-ताशा पथकासाठी हजेरीचं अ‍ॅप करतोय. आयफोनवर, स्विफ्टमध्ये, यूआयकिट वापरून. स्विफ्टयूआय का नाही असं विचारू नका. सांगाडा पथकातल्याच एका दादाने उभा करून दिला होता, तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि आता ते लेकरू माझ्या पदरात आहे. सरावाला रोज संध्याकाळी नदीपात्रात कोण आलं, कोणी कमरेला ढोल बांधला, कोणाच्या गळ्यात ताशा, कोण टोलवर, कोण ध्वजाला, हे सगळं आत्तापर्यंत वहीत लिहायचो. आषाढातल्या पावसात त्या वहीचं काय होतं ते सांगायला नको.

तर मला वरच्या बारमध्ये तीन चित्रांची बटणं हवी आहेत. उजवीकडे ताशा (दाबला की ताल निवडायची यादी उघडेल) आणि त्याच्या शेजारी सूचनांची घंटा. डावीकडे मागे जायच्या बाणाऐवजी टिपरू (ढोल वाजवायची काठी). ध्वजपथकातल्या एका मुलीने तिन्ही चित्रं फार देखणी काढून दिली आहेत. ताशाला तांब्याचा रंग, दोरीला केशरी, पानावर (जिथे काड्या पडतात तिथे) चक्क थोडा मळकटपणासुद्धा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या पीएनजी फायली आहेत. घंटेची पार्श्वभूमी तेवढी तिने पारदर्शक करून दिली.

आता गोंधळ ऐका.

यूआयबारबटनआयटमला इमेज म्हणून ताशा दिला तर भलामोठा निळा चौकोन येतो. घंटा दिली तर निळी घंटा येते, म्हणजे आकार बरोबर पण रंग गायब.

मग जालावर एक जुनं उत्तर सापडलं, त्याप्रमाणे यूआयबटन बनवलं, त्याला ३० बाय ३० ची फ्रेम दिली, त्यात चित्र घातलं आणि ते कस्टमव्ह्यू म्हणून दिलं. रंग आले! पण ताशा एवढा प्रचंड झाला की 'हजेरी' हे शीर्षकच दिसेना. आणि तो दाबल्यावर काही होत नाही. अ‍ॅक्शन लिहिली आहे, पण ब्रेकपॉइंटपर्यंत गाडी पोचतच नाही.

टिपरू लेफ्टबारबटनआयटममध्ये टाकलं तर ते दिसतं, दाबल्यावर मागेही जातं, पण स्क्रीनच्या कडेवरून बोट सरकवून मागे जायची सोय बंद पडली.

आणि 'सूचना' नावाचा जो टॅब आहे, तिथे तर कुठलंच बटण येत नाही. कोड तोच आहे.

गणपतीच्या आत हे मुलांच्या हातात द्यायचंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेठेतला_पावटा

राव, इमोजी टाका आणि मोकळे व्हा. 🥁🔔 टायटल म्हणून चालतंय की.

ताशेवाला

@पेठेतला_पावटा तो ड्रम आहे. आमच्याकडे तो दाखवला तर मलाच सरावाला येऊ देणार नाहीत.

कोडवाली_काकू

अरे ताशेवाल्या, प्रश्न नीट मांडलास म्हणून नीट उत्तर देते. तुझ्याकडे पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकाच बारमध्ये भेटल्यामुळे तुला एकच वाटताहेत.

आधी निळा चौकोन. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं, तेव्हापासून नेव्हिगेशन बार आणि खालचा टॅब बार तुझ्या चित्राचे रंग वाचतच नाहीत. चित्रातला कुठला भाग पारदर्शक आहे आणि कुठला नाही एवढंच ते बघतात, आणि जो भाग पारदर्शक नाही तिथे टिंटकलर (बारच्या बटणांचा ठरलेला रंग) ओततात. टिंटकलर तू बदललेला नाहीस म्हणून तो निळा. रांगोळीच्या छाप्यासारखं आहे ते: छापा कुठल्या रंगाचा आहे याच्याशी रांगोळीला देणंघेणं नसतं. तुझ्या ताशामागे पांढरा रंग भरलेला आहे, म्हणजे बारच्या हिशोबाने चारही कोपऱ्यांपर्यंत सगळंच 'भरलेलं'. म्हणून चौकोन. घंटेमागे काही नव्हतं म्हणून घंटा.

उपाय दोन, आणि दोन्ही मिनिटाचे. एक तर अ‍ॅसेट कॅटलॉगमध्ये (एक्सकोडमध्ये चित्रं ठेवतात ती जागा) चित्र निवड, उजव्या पट्टीत 'रेंडर अ‍ॅज' असं दिसेल, तिथे 'ओरिजिनल इमेज' कर. नाहीतर कोडमध्ये चित्रावर विथरेंडरिंगमोड लावून त्याला ऑलवेजओरिजिनल दे. मी पहिला मार्ग घेते, कारण दुसऱ्यात एखाद्या स्क्रीनवर लिहायचं राहतं आणि तिथे घंटा पुन्हा निळी होते. पण त्याआधी त्या मुलीकडून ताशाची पार्श्वभूमी पारदर्शक करून घे, नाहीतर निळ्याऐवजी पांढरा चौकोन बघशील.

म्हणजेच रंगासाठी कस्टमव्ह्यूची गरजच नव्हती. ते जुनं उत्तर आयओएस ७ च्या नंतर कोणीतरी घाईत लिहिलेलं असणार. इमेज घेणारा साधा यूआयबारबटनआयटम रंगीत चित्र उत्तम दाखवतो. तोच वापर.

आता आकार. ५१२ पिक्सेलचं चित्र तू बहुतेक '१ एक्स'च्या खणात (एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट) टाकलं आहेस. मग आयफोनच्या लेखी ते ५१२ पॉइंट रुंद. आयफोन १५ ची पूर्ण स्क्रीन ३९३ पॉइंट रुंद आहे. शीर्षक जाणार कुठे? बार चित्राला आपणहून लहान करत नाही, हे कायमचं लक्षात ठेव. आणि फ्रेमला तो भीक का घालत नाही, तर २०१७ च्या आयओएस ११ पासून बारच्या आतली मांडणी ऑटो लेआउटने होते. बार तुझ्या बटणाला विचारतो, 'तुला किती जागा लागते?' बटण आतल्या चित्राकडे बघून सांगतं, '५१२.' तुझी ३० ची फ्रेम या संवादात कुठेच येत नाही. कधी कस्टमव्ह्यू वापरावाच लागला तर विड्थअँकर आणि हाइटअँकर यांना कॉन्स्टंट आकडा देऊन ती बंधनं चालू कर, आणि बटणाच्या इमेजव्ह्यूचा कंटेंटमोड स्केलअ‍ॅस्पेक्टफिट ठेव. बसेल.

पण खरा इलाज चित्रच योग्य मापात करून घेण्याचा. साधारण २४ ते २८ पॉइंटचं चित्र बारमध्ये शोभतं. २८ धरलंस तर तीन फायली: २८, ५६ आणि ८४ पिक्सेल, अनुक्रमे १ एक्स, २ एक्स, ३ एक्स. आणि ५१२ चं चित्र नुसतं खाली आणून देऊ नकोस, तिला २८ च्या मापाला पुन्हा काढायला सांग. तो पानावरचा मळकटपणा, दोरीचे पीळ, हे सगळं त्या मापात चिखल होतं. तीन-चार जाड रेषा, तांब्याचा एक रंग, केशरीचा एक. तिने व्हेक्टरमध्ये काढलं असेल तर एसव्हीजी दे, एक्सकोड १२ पासून अ‍ॅसेट कॅटलॉगमध्ये ती चालते आणि तीन फायलींची कटकट मिटते.

दाबल्यावर काही होत नाही त्याचं कारण सोपं आहे. कस्टमव्ह्यू दिला की बारबटनआयटमचे टार्गेट आणि अ‍ॅक्शन निकामी. आतल्या यूआयबटनवर अ‍ॅडटार्गेट करून टचअपइनसाइड पकडावं लागतं. साध्या इमेजवाल्या आयटमवर आलास की हाही प्रश्न संपला.

टिपरू आणि सूचना यांवर रात्री लिहिते, आत्ता कुकरची तिसरी शिट्टी झाली.

मुळशीकर

काकूंना +१. अँड्रॉइडवाल्यांसाठी जोडतो, कारण पथकातली निम्मी पोरं अँड्रॉइडवर असणार आणि हा प्रश्न उद्या तिकडेही येणार. वरच्या टूलबारमधल्या मेनूत चित्र टाकलं तर रंग सहसा टिकतो, तुम्ही स्वतः आयकॉनटिंट लावला नाही तोवर. पण खालचा बॉटमनेव्हिगेशनव्ह्यू मात्र हमखास टिंट लावतो. तिथे आयटमआयकॉनटिंटलिस्टला नल द्या, रंग परत येतील. चित्र २४ डीपी, दाबायची जागा ४८ डीपी. आणि मेनूत शोअ‍ॅजअ‍ॅक्शन लिहिलं नाही तर चित्र दिसणारच नाही, तीन टिंबांच्या मागे फक्त नाव दिसेल. यावर माझ्या ऑफिसात एकाने अख्खी दुपार घालवली होती.

कोडवाली_काकू

हं, आता टिपरू.

लेफ्टबारबटनआयटम दिलास की यूआयनेव्हिगेशनकंट्रोलर समजतो की मागे जायची जबाबदारी तू घेतलीस. मग तो आपलं बॅक बटणही काढतो आणि कडेवरून सरकवायचा हावभावही बंद करतो. यावर तुला जालावर एक तोडगा सापडेल: इंटरॅक्टिव्हपॉपजेश्चररेकग्नायझरचा डेलिगेट निल करा म्हणून. करू नकोस. त्याने सरकवणं परत चालू होतं, पण पहिल्याच स्क्रीनवर, जिथून मागे जायला काही नाही, तिथे कोणी सरकवलं आणि मग पुढच्या स्क्रीनवर जायला गेलं की अ‍ॅप गोठून बसतं. तुझी मुलं सरावाच्या गडबडीत बरोबर हेच करणार.

त्यापेक्षा बॅक बटण सिस्टिमचंच राहू दे आणि त्याचं फक्त चित्र बदल. यूआयनेव्हिगेशनबारअपिअरन्स तयार कर, त्यावर सेटबॅकइंडिकेटरइमेज बोलाव. ते दोन चित्रं मागतं, एक दिसायचं आणि एक ट्रान्झिशनमास्क. दोन्हीकडे टिपरूच दे. मग तो अपिअरन्स स्टँडर्डअपिअरन्स, स्क्रोलएजअपिअरन्स आणि कॉम्पॅक्टअपिअरन्स या तिन्हींना लाव. स्क्रोलएजला आधीच वेगळा अपिअरन्स दिलेला असेल आणि तू एकट्या स्टँडर्डला लावलास तर यादी वर टोकाला असताना एक बाण आणि जरा खाली सरकवली की दुसराच, असली गंमत बघायला मिळेल. मागच्या स्क्रीनचं नाव टिपरूच्या शेजारी नको असेल तर त्या मागच्या स्क्रीनच्या नेव्हिगेशनआयटमवर बॅकबटनडिस्प्लेमोड मिनिमल कर, आयओएस १४ पासून आहे. 'त्या मागच्या' हे शब्द दोनदा वाच. बॅक बटणावर काय लिहायचं हे आधीची स्क्रीन ठरवते, आत्ताची नाही.

माझं मत विचारशील तर टिपरूचं टोक डावीकडे वळवून घे. नुसती आडवी काठी बघून नवीन माणसाला कळणार नाही की हे 'मागे' आहे.

सूचनांच्या टॅबचं मला अंदाजाने सांगता येईल, पण आधी हे सांग: नेव्हिगेशन कंट्रोलरच्या पोटात टॅब बार कंट्रोलर आहे, की टॅब बारच्या प्रत्येक टॅबमध्ये वेगळा नेव्हिगेशन कंट्रोलर?

ताशेवाला

काकू, निळा चौकोन गेला! ताशा तांब्याच्या रंगात झळकतोय. ध्वजवाल्या मुलीला २८ चं माप सांगितलं तर ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर." बरोबर आहे तिचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बाहेर एकच नेव्हिगेशन कंट्रोलर आहे, त्याच्या आत टॅब बार, आणि टॅबमध्ये थेट स्क्रीन. 'हजेरी' हा टॅब नाही, ती एक तारीख निवडल्यावर पुढे उघडणारी स्क्रीन आहे. बटणं लावतोय ती सेल्फ डॉट नेव्हिगेशनआयटमवरच.

कोडवाली_काकू

मग निदान झालं. बार नेहमी आपल्या थेट पोरालाच विचारतो, नातवाला नाही. 'हजेरी' पुश होऊन आलेली, म्हणजे थेट पोर, म्हणून तिची बटणं दिसतात. 'सूचना' टॅब बारच्या आत, म्हणजे नातू. बार तेव्हा टॅब बार कंट्रोलरचा नेव्हिगेशनआयटम वाचतो, आणि तो रिकामा आहे.

तात्पुरतं भागवायचं तर सूचनांच्या व्ह्यूविलअपिअरमध्ये टॅबबारकंट्रोलर डॉट नेव्हिगेशनआयटमवर बटणं लाव. मग प्रत्येक टॅबला आपली लावायची आणि दुसऱ्याची पुसायची, हे आलंच. कायमचं करायचं तर रचना उलटी कर: टॅब बार बाहेर आणि प्रत्येक टॅबला आपापला नेव्हिगेशन कंट्रोलर. अ‍ॅपलचीही पसंती याच रचनेला आहे. बंगळुरूच्या दादाला फोन कर, त्याच्याकडून करून घे, पोहे खायला घाल.

अक्षरओळख

मध्येच बोलतो, पण चित्रांची बटणं म्हटलं की माझ्यासारख्याला बोलावंच लागतं. मला दिसत नाही, आयफोन व्हॉइसओव्हरवर (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) वापरतो. चित्राच्या बटणाला नाव दिलं नसेल तर व्हॉइसओव्हर बरेचदा फायलीचं नाव वाचून दाखवतो. माझ्या फोनवर एका अ‍ॅपच्या वरच्या कोपऱ्यात आजही "आयसी बेल न्यू फायनल टू, बटन" असं ऐकू येतं. ते नेमकं काय करतं हे मी घाबरत घाबरत दाबून शिकलो.

ताशेवाले, तिन्ही बटणांना अ‍ॅक्सेसिबिलिटीलेबल द्या. आणि त्यात चित्राचं वर्णन नको, काम लिहा. "ताशा" ऐकून मला काय कळणार? "ताल निवडा" लिहा. घंटेला "सूचना". शेवटी "बटन" हा शब्द लिहू नका, तो फोन स्वतः जोडतो, नाहीतर "सूचना बटन बटन" ऐकावं लागतं.

ताशेवाला

@अक्षरओळख मनापासून आभार. आमच्या झांजवाल्यांमध्ये एकजण आहे, त्यालाही दिसत नाही. हजेरी दुसरा कोणीतरी लावेल असंच सगळ्यांनी धरलं होतं. आता त्याची तो लावेल. लेबलं आजच टाकली.

अजून एक. वादकांच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, काहींची टोकं फक्त उघडी. ताशावर दाबायला गेले की घंटा दाबली जाते. मोठं चित्र टाकू का?

कोडवाली_काकू

चित्र मोठं करू नकोस, दाबायची जागा मोठी हवी. अ‍ॅपलचा दंडक किमान ४४ बाय ४४ पॉइंटचा आहे, आणि साधा बारबटनआयटम चित्राभोवती बरीचशी जागा आपणहून घेतो. तू अजून कुठेतरी ३० चा कस्टमव्ह्यू ठेवला नाहीस ना, बघ. तो असेल तर स्पर्शाची जागाही तेवढीच.

दोघांमध्ये अंतर हवं असेल तर मधे एक फिक्स्डस्पेस आयटम टाक आणि त्याला रुंदी दे. पण खरं सांगू? अंधारात, पट्ट्यांच्या बोटांनी, एका हातात ताशाच्या काड्या धरून जो माणूस फोन वापरणार, त्याच्यासाठी वरचा उजवा कोपरा ही जागाच वाईट. सरावाच्या वेळी जे सतत लागतं ते खाली अंगठ्याजवळ मोठं बटण करून ठेव. बारमध्ये जे कधीमधी लागतं तेवढंच. तुझ्याकडे सूचना कधीमधी, ताल सतत. म्हणजे घंटा वर राहू दे, ताशा खाली आण. ध्वजवाल्या मुलीचं ते मोठं चित्रही मग वाया जात नाही, खाली ७०-८० पॉइंटला दोरीचे पीळसुद्धा दिसतील.

मुळशीकर

काकू, नवीन आयओएसचं काय? माझ्या भाच्याच्या फोनवर सगळी बटणं काचेच्या गोळ्यात बसल्यासारखी दिसतात.

कोडवाली_काकू

बरी आठवण केलीस. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये बारमधल्या बटणांमागे काचेसारखी पार्श्वभूमी येते, आणि शेजारशेजारची चित्रांची बटणं एकाच काचेत एकत्र बसतात. एक्सकोड २६ ने बांधलंस की तुझ्या अ‍ॅपलाही हे आपोआप लागू. रंगीत चित्र त्या काचेवर कधी छान दिसतं, कधी बटबटीत. नको असेल तर त्या आयटमवर हाइड्सशेअर्डबॅकग्राउंड ट्रू कर. नुसती वेगळी काच हवी असेल तर मधला फिक्स्डस्पेस तेही काम करतो.

आणि डार्क मोड तपास. काळ्या रेषांची घंटा काळ्या बारवर दिसत नाही. अ‍ॅसेट कॅटलॉगमध्ये त्याच चित्राला 'एनी, डार्क' असे दोन खण करता येतात, दुसऱ्यात फिकट रेषांची घंटा टाक. संध्याकाळी नदीपात्रात अर्ध्याअधिक पोरांचे फोन आपोआप डार्कवर गेलेले असतील. खरं तर घंटेसारख्या गोष्टीला रंगीत चित्राचा हट्ट कशाला? एसएफ सिम्बॉल्स या अ‍ॅपलच्या तयार चित्रांच्या संचातली 'बेल' घे. ती २०१९ पासून फोनमध्येच आहे, रंग, जाडी, डार्क मोड सगळं आपलं आपण सांभाळते. ताशा अ‍ॅपलकडे नाही, म्हणून तो काढावा लागला. घंटा आहे.

ताशेवाला

घंटा अ‍ॅपलची घेतली, टिंट केशरी केला. झकास. ताशा खाली हलवला. वर रिकाम्या जागी शोधायचं भिंग टाकलं, पण ते घंटेच्या डावीकडे येतंय आणि मला उजव्या टोकाला हवंय. अ‍ॅरेमध्ये घंटा आधी, भिंग नंतर लिहिलंय.

कोडवाली_काकू

राइटबारबटनआयटम्स उजव्या टोकापासून मोजतो. पहिला लिहिलेला सगळ्यात उजवीकडे. भिंग आधी लिही.

पेठेतला_पावटा

काकू, फ्लटरमध्येही हेच सगळं?

कोडवाली_काकू

निळ्या चौकोनापुरतं हेच. अ‍ॅपबारच्या अ‍ॅक्शन्समध्ये आयकॉनबटन टाक. त्याच्या आत इमेजआयकॉन दिलास तर तो थीमचा रंग ओततो, इमेज डॉट अ‍ॅसेट दिलंस तर चित्राचा रंग राहतो, पण मग रुंदी-उंची तू द्यायची. नाव टूलटिपमध्ये लिही, स्क्रीन रीडर तेच वाचतो. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढ, आणि त्यात इमोजी आणू नकोस.